खंडेनवमीचा शिक्का

१

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता खतिजा मुजावरनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला, आत बघितलं आणि डबा टेबलावर उलटा केला. तीन टाचण्या, अर्धं खोडरबर आणि एक मेलेलं झुरळ पडलं. शिक्का पडला नाही.

"कुरणेबाई, माझा शिक्का कुठाय?"

संघप्रिया कुरणे आवक रजिस्टरात रेघा ओढत होत्या. सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरी भांडायला कुणी नाही म्हणून हे केंद्र सांभाळायला आल्या आणि इथं त्यांची चांगली सोय झाली.

"काल साडेपाचला डब्यातच होता. मी बघितलाय."

"आज न्हाय."

केंद्र म्हणजे कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या धान्य गोदामावरची एक मोठी खोली. एका व्यापाऱ्यानं ती शहरातल्या लहान सेवाभावी संस्थांना सामायिक वापरायला देऊन ठेवली होती. लहानांनी एकमेकांचा हात धरून मोठं व्हावं, अशी त्यांची इच्छा. ते लवकर वारले, हे एका अर्थी बरंच झालं. चार संस्था, एक कपाट, एक प्रिंटर, एक फ्रीज, गमची एक बाटली. हात धरले गेले, पण पिरगाळायला.

भिंतीवर 'संधी' असं लिहिलेला फलक होता. कुठली कंपनी काय देते, कुठला ट्रस्ट कशाला मदत करतो, याची पत्रकं बाई तिथं लावत. ज्याला पत्रक आधी दिसे तो ते खिशात घाली. इतरांना फक्त टाचण्या दिसत आणि त्यावरून कळे की संधी येऊन गेली.

यंदा बाईंनी पत्रक काचेआड लावून कुलूप घातलं होतं. पुण्याचा एक ट्रस्ट जिल्ह्यातल्या एकाच संस्थेला गाडी देणार होता. चांगली बारा जणांची, मागं आडवं व्हायला बाकडं. अट अशी की अर्जाच्या प्रत्येक पानावर संस्थेचा मूळ शिक्का हवा आणि बंद पाकीट आज पाचच्या आत ट्रस्टच्या माणसाच्या हातात पडायला हवं.

चौघांनाही गाडी हवी होती. उदयसिंह इंगवल्यांच्या 'वृक्षवल्लभ हरित मंडळा'ला रोपं न्यायला, सोनूबाई खाड्यांच्या 'मुका जीव निवाऱ्या'ला जखमी कुत्री आणायला. राजवीर शिर्केच्या 'उद्याचा ध्यास फाउंडेशन'ला फिरती नवनिर्मिती प्रयोगशाळा काढायची होती. ती म्हणजे काय, हे त्यानं तीनदा समजावून सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा निराळं.

खतिजाच्या 'सोबत' संस्थेला गाडी माणसं आणायला हवी होती. गगनबावड्याच्या बाजूची किडनीच्या आजाराची माणसं ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला एसटीनं कोल्हापुरात आणायची. परतताना जयसिंगमामांसारख्या माणसाला उभं राहवत नसे. मग ते बसच्या पायरीवर दांडा धरून बसत. पावसात घाटमाथ्याची बस बंद पडली की फेरी चुके. गेल्या श्रावणात तिच्या यादीत तेरा माणसं होती. आता अकरा आहेत.

खतिजानं शिक्का करून देणाऱ्या दुकानाला फोन लावला.

"अर्जंट एक शिक्का पायजे."

"ताई, मशीन पूजंत हाय. उद्या सोनं लुटून झालं की या."

दुसऱ्यालाही लावला. त्याचंही मशीन पूजेत. तिसऱ्यानं फोनच उचलला नाही. बहुधा फोनही पूजेत असावा. पुण्याला लावला, तर तिथून शांतपणे सांगण्यात आलं की बिनशिक्क्याचा अर्ज हा अर्ज नसतो.

खतिजानं चौदा पानांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"चोरानं दिवस बघून चोरी केलीया, बाई. आज सगळ्या कोल्हापुरात कुणाचं हत्यार हलायचं न्हाय."

२

या खोलीतलीही हत्यारं हलणार नव्हती. मधल्या टेबलावर लाल कापड, त्यावर तांब्याचा कलश, आंब्याची पानं, नारळ. पुढं प्रिंटर, पंच, स्टेपलर, कात्री, शाईचं पॅड, गमची बाटली आणि तीन संस्थांचे तीन शिक्के. सगळ्यांना हळदकुंकू. गमच्या बाटलीला तर सोनूबाईंनी दोरा गुंडाळून झेंडू बांधला होता.

नऊ वाजता तिघांनी मिळून पूजा मांडली. मांडताना दोनदाच भांडण झालं. कलश आणि नारळ उदयसिंहांनी आणले, फुलं आणि गूळ-खोबऱ्याचा प्रसाद सोनूबाईंनी, आणि राजवीरनं फोटो काढले. आरती झाल्यावर उदयसिंहांनी हुकूम सोडला होता, "उद्या पूजा उतरंपर्यंत हितली टाचणीबी कुणी हलवायची न्हाय. सांगून ठिवतो."

खतिजा तेव्हा दवाखान्यात होती. कुरणेबाई दाराशी उभ्या राहून प्रसादाचा खडा तोंडात टाकून साडेनऊला खाली चहाला गेल्या. चहा एक झाला, गप्पा तीन झाल्या. पावणेअकराला वर आल्या तेव्हा खोली रिकामी होती. त्यांच्या टेबलावर तिघांची बंद पाकिटं होती. ती पूजेआधीपासून फुलांच्या पिशव्यांखाली होती की नंतर आली, हे बाईंना सांगता येईना. चोरीपेक्षा त्यांना याचा राग जास्त आला.

"किल्ल्या चौघांकडं," बाई म्हणाल्या. "एक तूच. राहिले तीन. फोन करून बोलवते सगळ्यांस्नी."

पहिल्या सोनूबाई आल्या. जिन्यातूनच त्यांचा आवाज वर आला.

"कशाला बोलवलं? कुतरं अर्धवट टाकून आलेय मी!"

साठीची, ठेंगणी, पदर खोचलेली बाई. हातात पिशवी आणि उजव्या हाताची तीन बोटं पेरापर्यंत जांभळी.

खतिजा उभी राहिली. तिच्या शिक्क्याची शाई जांभळी होती.

"बोटं दाखवा."

"का? लगीन ठरवतीस माझं?"

"शाई हाय ती. माझ्या शिक्क्याची."

"शाई तुझ्या नशिबाला लागली. औषध हाय हे!" सोनूबाईंनी पिशवीतून बाटली काढून नाचवली. "रंकाळ्यावर एका कुत्र्याचा पाय चिरलाय काचंनं. हितनं गेले ती थेट तितं. तुझी इंजेक्शनं माझ्या कुत्र्यांच्या लशीवर ठिवतीस फ्रीजमधी, तवा बोलले का मी काय?"

"रोज बोलता की!"

"मग आजबी बोलणार!"

कुरणेबाईंनी रजिस्टर टेबलावर आपटलं. "सोनूबाई, पूजा करताना बोटं जांभळी होती का?"

"देवीला घाणेरडी बोटं लावीन व्हय मी? स्वच्छ होती. कुत्र्याचं नंतर. आनि परत हिकडं फिरकलेबी न्हाय."

खतिजा पूजेच्या टेबलाकडं गेली होती. हात लावायचा नाही म्हणून ती पाठीमागं हात बांधून वाकली आणि तशीच थांबली.

"बाई, हिकडं या."

कलशाच्या बुडाशी, लाल कापडावर, बोराएवढा डाग होता. जांभळा. अजून ओला.

"फिरकला न्हाईसा न्हवं?" खतिजा म्हणाली. "मग ह्यो डाग काय कुत्रं येऊन पाडून गेलं?"

सोनूबाईंचं तोंड उघडलं, पण गेल्या बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही.

कुरणेबाईंनी डागावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं आणि पदराला पुसलं.

३

राजवीर एक वाजता आला. वय तिशीच्या आसपास, पाठीवर पिशवी, कानात फोनची वायर. तो कोल्हापुरातच जन्मला होता, पण ते त्याच्या बोलण्यात येऊ नये याची फार काळजी घ्यायचा.

"कुरणे मॅम, मुळात शिक्का ही संकल्पनाच कालबाह्य आहे."

"तुझ्या अर्जाला हाय का?"

"आहे."

"मग गप बस. साडेनऊनंतर कुठं होतास?"

"ऑनलाइन मीटिंगमध्ये."

"कुठनं?"

तो घुटमळला. "मिसळीच्या दुकानातून."

"कट वाढताना मीटिंगला काय दिसलं?" सोनूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज परत आला होता.

"मी कॅमेरा बंद ठेवला होता. हे बघा, आरती झाल्या झाल्या मी पूजेचा फोटो टाकून निघालो. नऊ अठ्ठावीस. मला शिक्का चोरायची गरजच काय? स्पर्धा गुणवत्तेवर जिंकायची असते."

"गुणवत्ता!" खतिजा म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या पेशंटांचे फोटो तुझ्या अहवालात छापून 'लाभार्थी युवक' लिवलंतास. मामा त्र्याहत्तरचे हायत!"

"ती डिझायनरची चूक होती."

त्यांना भांडू देऊन कुरणेबाईंनी फोन हातात घेतला. त्यांनी फोटो बघितला, टेबल बघितलं, पुन्हा फोटो बघितला. फोटोत नारळाची शेंडी खांबासारखी ताठ होती. टेबलावरचा नारळ दाराकडं कलला होता, कुणीतरी हाक मारल्यासारखा.

"ह्यो फोटो काढल्यावर पूजेला कुणी हात लावला?"

"छे! इंगवले साहेबांनी तर टाचणीलासुद्धा मनाई केली होती."

"व्हय," बाई म्हणाल्या. "केली होती खरी."

४

इंगवले साहेब तीन वाजता आले. डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर शाल, काखेत नारळ. वारणानगरला त्यांचा वृक्षमित्र म्हणून सत्कार झाला होता. तिथं त्यांनी एक रोप लावलं. त्याच खड्ड्यातलं त्यांचं हे चौथं रोप.

"चोरी? समाजसेवकांच्यात?" ते खुर्चीत सांडले. "काय म्हणायचं हिला आता! स्वतःच हरवला असंल शिक्का आणि आमच्या अंगावर येतीया."

"तुमी अर्जावर शिक्के कधी मारलासा?" कुरणेबाईंनी विचारलं.

"काल संध्याकाळी सहाला. हितंच बसून. चौदा पानं, चौदा शिक्के. हितंच गमनं पाकीट चिकटवलं, घरी नेलं आणि सकाळी पूजेच्या आधी तुमच्या टेबलावर ठिवलं. तवा तिचा शिक्का डब्यात होता, ह्येबी सांगतो. खोटं कशाला बोलू?"

"पूजेनंतर परत आला होता का?"

"थेट वारणानगर. बाई, माझ्यावर संशय घ्यायच्या आधी ह्या फेट्याकडं बघा जरा."

"बघितला. ढिला बांधलाय."

उदयसिंहांची नजर कापडावरल्या डागाकडं गेली आणि तिथून सोनूबाईंच्या बोटांकडं. ते हसले. "मला वाटतं, चोर सापडलेला हाय. मुक्या जिवांची सेवा करताकरता तोंडानं मुकं व्हायची पाळी आली की वो सोनूबाई."

सोनूबाईंनी चप्पल काढली. राजवीर मधे पडला आणि त्यालाच लागली.

तेवढ्यात खतिजाचा फोन वाजला. पलीकडं जयसिंगमामा होते. डायलिसिस झालं होतं आणि ते स्टँडवर बसले होते.

"खतिजाबाय, गाडीचं झालं का काय?"

"बघतेय मामा."

"न्हाय झालं तर न्हाय. पायरी हायच की. फकस्त हिवाळ्यात दांडा लई गार लागतोय बघ."

खतिजानं फोन ठेवला. ती रडली नाही. तिनं चौदा पानं पुन्हा एकदा मोजली, कडा जुळवल्या आणि पाकिटाशेजारी ठेवली.

कुरणेबाई आपल्या टेबलाशी जाऊन पाकिटांची नोंद करायला बसल्या. पहिलं सोनूबाईंचं, दुसरं राजवीरचं. तिसऱ्याला हात घालणार तोच थांबल्या. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती. भिंतीवरून टेबलाच्या पायावर, पायावरून वर, सोनूबाईंचं पाकीट ओलांडून, राजवीरच्या पाकिटाला वळसा घालून ती तिसऱ्या पाकिटाच्या जोडावर जाऊन थांबत होती.

बाईंनी चष्मा पुसला. मुंग्यांना हटकलं नाही. कामावर असलेल्या कुणालाच त्या हटकत नसत.

"पाचच्या आत हितनं कुणी हलायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "शिक्का ह्याच खोलीत हाय."

५

ट्रस्टचे पृथ्वीराज देशमुख साडेचारला आले. बारीक, इस्त्रीचे, घड्याळाकडं बघून बोलणारे गृहस्थ. चार माणसं एकमेकांकडं ज्या नजरेनं बघत होती ती बघून ते म्हणाले, "मी बाहेर थांबू का?"

"बसा. साक्षीदार लागणार हाय," कुरणेबाई म्हणाल्या आणि तिसरं पाकीट दोन बोटांत धरून उचललं. तीन मुंग्या लोंबकळत आल्या.

"साहेब, ह्या केंद्रात गमची एकच बाटली हाय. काल संध्याकाळी ती माझ्या टेबलावर होती. आज सकाळी नवापासनं ती पूजंत हाय, दोऱ्यानं फूल बांधून. सोडली तर सोनूबाईंची गाठ तशी परत कुणाला बांधता यायची न्हाय. इंगवले म्हणतात, पाकीट काल गमनं चिकटवलं. गमला मुंग्या येत न्हाईत. आल्या असत्या तर माझा दप्तरखाना मुंग्यांनीच चालवला असता. ह्ये पाकीट गुळानं चिकटवलंय."

"परसाद खाल्लेला हात लागला असंल!"

"हात एकीकडं लागतो. गूळ जोडाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत हाय, पाणी लावून, नीट. आनि गूळ ह्या खोलीत आला आज सकाळी. म्हंजे पाकीट आज पूजेनंतर उघडलं गेलं आनि बंद झालं. काल बंद केलेलं पाकीट माणूस परत कशाला उघडतो? आत काय राहिलं म्हणून. साहेब, फोडा. प्रत्येक पानावरचा शिक्का बघा."

"फोडायचं न्हाय!" उदयसिंह उठले. फेटा कानावर आला.

"पाकीट फोडणं हेच माझं काम आहे," पृथ्वीराज म्हणाले आणि फोडलं. पानं उलटू लागले. एक, दोन, तीन. आठवं पान. नववं पान. ते थांबले, उरलेली पाचही चाळली आणि नववं पान उजेडात धरलं. "इथं शाईत काहीतरी पिवळं आहे. आणि कडेला लाल कण."

राजवीरनं कानातली वायर काढली.

"हळदकुंकू," कुरणेबाई म्हणाल्या. "बाकीची तेरा पानं स्वच्छ. ती काल मारली, ह्ये खरंच. चौदा चौदा शिक्के मारताना एक पान हुकतं, सगळ्यांचंच हुकतं. ह्यांस्नी ते पूजा झाल्यावर ध्यानात आलं. मग परत येऊन पूजेतला शिक्का काढला, हळदीसकट मारला आनि होता तिथं ठिवला. गमची गाठ सोडायची हिंमत झाली न्हाय, म्हणून ताटातला गूळ घेतला. ज्यांनी टाचणी हलवू दिली न्हाय, त्यांनीच पूजा हलवली."

"आणि माझा शिक्का?" खतिजा म्हणाली.

"डाग औषधाचा न्हाय. औषध नाकात झोंबतंय. ह्याला शिक्क्याच्या शाईचा वास हाय, एकतीस वर्षं घेतलाय मी. आनि फोटोतला नारळ ताठ हाय, ह्यो कललाय. आत पाण्याबिगर दुसरं काय तरी हाय म्हणून बसत न्हाय नीट. जागा चांगली निवडली. खतिजा हात लावणार न्हाय, मी लावणार न्हाय, आनि बाकीच्यांस्नी हुकूम."

"खबरदार!" उदयसिंह ओरडले. "कलशाला कुणी हात लावला तर बघा! तुमास्नी काय कळतंय पूजंतलं?"

"तिला न्हाय कळत," सोनूबाई पुढं आल्या. चप्पल अजून हातातच होती, ती त्यांनी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "मला कळतंय की. पूजा मी बांधली. तुमी मोडलीसा, माझं नाव म्होरं केलंसा आनि तोंड वर करून गुलाबी फेटा बांधून आलासा व्हय?"

त्यांनी कलशाला नमस्कार केला, पुटपुटल्या, "आई, तूच बघितलंस सगळं," आणि नारळ उचलला.

पाणी जांभळं होतं. त्यात लाकडी मूठ तरंगत होती.

उदयसिंह खुर्चीत बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "माझा हात एकदा पूजेला लागलाच होता. म्हनलं, पाप एकच, त्यात दोन कामं व्हत्यात."

६

पाचला अकरा मिनिटं होती. खतिजानं शिक्का पुसला, कागदावर दाबला. कागद ओला झाला, दुसरं काही नाही. सगळी शाई कलशात उतरली होती.

"पॅड!" ती म्हणाली.

"पॅडला हात लावायचा न्हाय," सोनूबाई म्हणाल्या. "त्यांनी मोडली म्हणून मीबी मोडू? पॅड उद्या."

"उद्या काय करू पॅड घेऊन? चाटू?"

सोनूबाईंनी तिच्याकडं बघितलं, चौदा पानांकडं बघितलं. पिशवीतून जांभळ्या औषधाची बाटली काढली आणि रुमालाच्या घडीवर ओतली.

"घे. दाबून मारू नको, जिरतंय. आनि पुरवून वापर, कुत्र्याला उद्याबी लागणार हाय."

खतिजा मारत गेली, कुरणेबाई पानं उलटत गेल्या. राजवीर वेळ मोजत होता. गुणवत्तेचं नाव त्यानं काढलं नाही. चौदा झाले. कुरणेबाईंनी पुन्हा नववं पान उघडून बघितलं. होता. गमची बाटली अजून झेंडू मिरवत उभी होती, म्हणून सोनूबाईंनी प्रसादाचं ताट पुढं सरकवलं.

चार अठ्ठावन्नला पृथ्वीराजांनी पाकीट हातात घेतलं, बोटं चिकटली तेव्हा किंचित थांबले.

"शाई कशाची असावी, याबद्दल नियम काही म्हणत नाहीत," ते म्हणाले. "पाकिटाबद्दलही नाहीत."

इंगवल्यांचा अर्ज मात्र त्यांनी घेतला नाही. तो मुंग्यांनी घेतला.

७

गाडी डिसेंबरात आली. 'सोबत'ला मिळाली. सोनूबाई महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या की निवड चुकलीय, कुत्र्यांना मतं नसतात म्हणून हे असं होतं. फ्रीजवरून भांडण चालूच राहिलं. 'संधी'च्या फलकावरची पत्रकंही पुन्हा नाहीशी होऊ लागली, कारण काचेची किल्लीच नाहीशी झाली. तो तपास कुरणेबाईंनी हाती घेतला आहे.

पहिल्या फेरीला केंद्राखाली गाडीपुढं नारळ फोडायचा होता. उदयसिंह बोलावल्याशिवाय आले, फेटा बांधून, नारळ घेऊन. सोनूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, कानाशी हलवला, उलटा करून बुडाशी बघितलं आणि मगच खतिजाकडं दिला.

दुपारी डायलिसिस उरकून गाडी गगनबावड्याला निघाली. जयसिंगमामा मागच्या बाकड्यावर आडवे झाले. सवयीनं त्यांचा हात धरायला दांडा शोधत होता. सापडला नाही, तसा तो छातीवर येऊन पडला. वाटेतलं कळं गाव यायच्या आधीच ते घोरायला लागले.

पुढच्या सीटवरून खतिजानं मागं वळून माणसं मोजली. अकरा. चढ लागायच्या आधी तिनं पुन्हा एकदा मोजली.

अकराच होती.